लपवलेला गुडघा

मंडईच्या दिवशी एकोडीत दुपारपर्यंत कोणाचीच चूल विझत नाही. दिवाळी सरून हलका धान कापला गेला, की गावोगाव मंडईची जत्रा भरते. पाहुणे येतात, रात्री दंडारीचं लोकनाट्य रंगतं, आणि येता-जाता लग्नाच्या मुलीही पाहून घेतल्या जातात. टिकाराम कापगते यांच्या घरी त्या सकाळी आनंदाबाई उडदाचे वडे तळत होत्या. त्यांची मुलगी डिंपल भिंतीला टेकून, उजवा पाय सरळ पसरून कोथिंबीर निवडत होती.

"पाय आत घे," आनंदाबाई कढईवरची नजर न काढता म्हणाल्या.

"पुरा वाकत नाही वं माय."

"वाकव. पाहुण्यांपुढं अशी पाय पसरून बसशीन का?"

डिंपलने पाय वाकवला. गुडघ्यात काहीतरी अडकलं आणि खटकन सुटलं. ती कोथिंबीर निवडत राहिली.

डिंपल एकवीस वर्षांची होती. साकोलीच्या शाळेत असताना ती फुटबॉल खेळायला लागली आणि पुढे नागपूरच्या एका व्यावसायिक महिला क्लबाने तिला बचाव फळीत घेतलं. घेण्याआधी तिची पूर्ण तपासणी झाली होती. हृदयाचा आलेख काढला, रक्त घेतलं, डोळे पाहिले, एका पायावर उड्या मारायला लावल्या. टिकाराम तेव्हा सोबत गेले होते आणि दारातच थांबले होते. "बाजारात बैल पाहतेत, तशी पाहून राहिले होते पोरीले," असं त्यांनी घरी येऊन अर्धवट हसत सांगितलं होतं.

डिंपलला मात्र ती तपासणी वेगळ्याच कारणाने लक्षात राहिली होती. क्लबाच्या फिजिओथेरपिस्ट रश्मी मेश्राम मूळच्या पवनीकडच्या. त्यांनी तिला शेजारी बसवून विचारलं होतं, कुठे दुखतं का, केव्हापासून दुखतं, झोप नीट लागते का, पाळीच्या दिवसांत त्रास होतो का. डिंपलला उत्तरं सुचेनात. आजवर तिच्या शरीराला सगळ्यांनी कामं सांगितली होती. प्रश्न कोणी विचारले नव्हते.

दसऱ्यानंतरच्या एका सामन्यात ती चेंडूमागे वळली. बूट मातीत रुतून राहिला आणि अंग फिरलं. काहीतरी तुटल्याचा आवाज तिला कानाने नाही, आतून ऐकू आला. सूज उतरल्यावर रश्मीताईंनी तिला टेबलावर निजवलं, एका हाताने मांडी धरली आणि दुसऱ्या हाताने नडगी हलकेच पुढे ओढली. जिथे ती थांबायला हवी होती तिथे थांबली नाही. त्यांनी डावा पायही तसाच ओढून पाहिला, पुन्हा उजवा पाहिला, आणि मग बराच वेळ त्या तिच्या गुडघ्यावर नुसता हात ठेवून उभ्या राहिल्या.

एमआरआयनंतर सर्जननी समजावून सांगितलं. गुडघ्याच्या आतला सांध्याला धरून ठेवणारा बंध पूर्ण तुटला आहे. शेजारची कूर्चेची गादीही फाटली आहे, पण ती शिवता येईल. शस्त्रक्रिया लवकर झाली आणि पुढे नऊ-दहा महिने नेमाने व्यायाम केला, तर ती पुन्हा खेळेल. तोवर उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, चिखलात तर पाऊलही टाकायचं नाही. शस्त्रक्रियेचं सगळं क्लब पाहणार होता. घरचं कोणीतरी सोबत राहायला हवं होतं, एवढंच.

तेच सांगायला डिंपल गावी आली होती. आणि आली तेव्हा कळलं की मंडईला लाखनीचे पाहुणे तिला पाहायला येणार आहेत. तिने घरी सगळं सांगितलं, पण पाहुण्यांपुढे पायाचं नाव काढायचं नाही, असं आनंदाबाईंनी बजावलं.

पाहुणे दुपारी आले. मुलगा योगेंद्र एका पतसंस्थेत नोकरीला होता. त्याचे वडील कृष्णराव, आई, आणि सगळ्यांच्या पुढे त्याची आत्या पंचफुला. डिंपलला खाली पाटावर बसवलं. तिने मांडी घातली. गुडघ्यातून कळ उठली ती थेट पोटात गेली. नाव विचारून झालं, शिक्षण विचारून झालं, स्वयंपाकातलं काय काय येतं तेही झालं. मग पंचफुला म्हणाली, "बाई, आंगणातल्या तुळशीपर्यंत जाऊन ये जरा. चाल पाहून घेतो, बाकी काही नाही."

डिंपल उठली. मैदानावर तिने अशा पायाने दोन पावलं टाकली असती, तर पंचांनी खेळ थांबवला असता, कोणीतरी धावत आलं असतं. इथे दहा माणसं तिच्या पायांकडे टक लावून पाहत होती आणि दुखतं का, हे त्यांतलं कोणीच विचारणार नव्हतं. ती तुळशीपर्यंत गेली आणि परत आली. लंगडली नाही. मग एकेकाच्या पाया पडण्यासाठी वाकली, उठली, पुन्हा वाकली.

"फुटबॉल खेळते म्हणतेत," पंचफुला म्हणाली. "कुठं लागलं-गिगलं तं नाही ना?"

डिंपलने मान वर केली. तिच्या आधी आनंदाबाई बोलल्या, "नाही जी. काहीच नाही."

त्या दिवशी संध्याकाळी मंडईत दंडार सुरू होण्याआधीच होकार आला.

चार-सहा दिवस क्लबाचा फोन उचलला गेला नाही, तेव्हा रश्मीताई स्वतः एकोडीला आल्या. टिकारामांनी त्यांना ओसरीवर खाट टाकून दिली. पाणी आलं, चहा आला.

"काकाजी, वेळ जाऊन राहिला," रश्मीताईंनी सुरुवात केली. "रोज थोडी थोडी गादी घासत जाईल. मग शिवायलाही काही उरणार नाही."

टिकाराम जमिनीकडे पाहत म्हणाले, "मॅडम, लग्न पक्कं झालं."

"लग्न थोडं पुढं ढकला. त्यांना खरं सांगा. आजार नाही हा, खेळताना लागलं आहे."

"पायावर टाके पडले, तं ती पोरगी कोण करन?"

"चांगला माणूस करेल."

यावर आनंदाबाई आतून बाहेर आल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. "मॅडम, माह्या सख्ख्या बहिणीचं सांगतो. गोदावरी. लहानपणी झाडावरून पडली, हात जरासा वाकडा बसला. बाबांनी पाहणाऱ्यांपासून काही लपवलं नाही. खरं सांगतलं सगळ्यायले. तुमच्यासारखंच म्हणत होते, चांगला माणूस येईन. आता पन्नाशीले आली. भावाच्या घरी भांडे घासते त्याच हातानं. मंग मी काय करू, सांगा."

स्नायू, हाडं, सांधे यांचं सगळं रश्मीताई सांगू शकत होत्या. गोदावरीबाईंच्या आयुष्याबद्दल बोलण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला नव्हता. त्या डिंपलकडे वळल्या. "तू सज्ञान आहेस. आत्ता माझ्यासोबत निघालीस, तर कोणी अडवू शकत नाही."

डिंपलने आईकडे पाहिलं. आनंदाबाई पदराने चहाची कपबशी पुसत होत्या, आधीच पुसलेली.

"लग्नानंतर करून घेईन ताई," डिंपल म्हणाली. "होकार कळवताना लाखनीचे लोक खेळू देतो म्हणाले आहेत."

रश्मीताई निघाल्या. फाटकाशी डिंपलने त्यांना सोडलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "चिखलात जाऊ नकोस."

लग्न मार्गशीर्षात झालं. लाखनीचं घर काही वाईट नव्हतं. तिला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. योगेंद्र अबोल होता, पण संध्याकाळी येताना तिच्यासाठी काहीबाही आणायचा. पायाचं सांगायचं तिने कितीदा तरी ठरवलं. पण सांगितलं तर आई खोटी पडणार होती, आणि लग्नाला जितके दिवस उलटत होते तितकं ते खोटं मोठं होत होतं. ती सकाळी सगळ्यांच्या आधी उठून गुडघ्याला पट्टी बांधायची आणि वर साडी नेसायची.

आषाढात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाली. धानाच्या रोवण्याला घरची सून बांधीतल्या चिखलात उतरते, हे कोणी कोणाला सांगावं लागत नाही. बाया ओळीने वाकून पऱ्ह्यांची रोपं लावत मागे सरकत होत्या. डिंपलही वाकली. चिखलाने उजवा पाय धरला, तिने तो उपसायला अंग वळवलं, आणि ती बसलीच. पाय सरळ होईना, वाकेनाही. बायांनी तिला उचलून शेताच्या कडेला धुऱ्यावर आणलं.

आधी गावातला हाड बसवणारा आला. त्याने तेल लावून पाय जोराने ओढला. डिंपलची किंकाळी पलीकडच्या बांधीत काम करणाऱ्यांनी ऐकली. दुसऱ्या दिवशी गुडघा मांडीएवढा सुजला, तेव्हा तिला भंडाऱ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सरळ विचारलं, "ही जुनी इजा आहे. केव्हाची?"

पंचफुला शेजारीच उभी होती. डिंपलने खरं ते सांगितलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात योगेंद्र तिच्या बाकाशी आला. "मले तरी सांगायचं होतं," तो म्हणाला. "ऑपरेशन झालेली बायको मले चालली असती."

"मंग त्या दिवशी तुमी काहून नाही विचारलं मले? तुमी तं तोंडच उघडलं नाही."

"मोठे बोलत होते ना."

"माह्यासाठीही मोठेच बोलत होते," डिंपल म्हणाली.

त्याला खरोखर वाईट वाटत होतं. पण व्हरांड्याच्या टोकाला पंचफुला आणि कृष्णराव त्याची वाट पाहत होते, आणि तो त्यांच्याकडे गेला. "पाय बरा होईपर्यंत माहेरी राहू द्या," असा निरोप टिकारामांना मिळाला. पाय बरा झाल्यावर न्यायला कोण येणार, हे त्या निरोपात नव्हतं. नंतरही कोणी आलं नाही. फसवून मुलगी गळ्यात मारली, ही गोष्ट मात्र लाखनीपासून साकोलीपर्यंत सगळ्यांना कळली.

शस्त्रक्रिया अखेर नागपूरला झाली. बंध नवा घातला, पण गादीचा चुरा झाला होता. तो काढून टाकावा लागला. डिंपल एकोडीच्या ओसरीवर रोज व्यायाम करत राहिली. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर क्लबाने तिला शेवटच्या तपासणीला बोलावलं. सोबत टिकाराम होते. या वेळी ते दारात थांबले नाहीत. आत येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

रश्मीताईंनी दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. गुडघा वाकवून, वळवून पाहिला. "आता या पायावर उडी मार. जमेल तेवढी." डिंपलने डाव्या पायावर लांब उडी मारली. उजव्यावर मारली, तेव्हा ती तिथल्या तिथेच उतरली आणि तोल जाऊन तिने भिंतीचा आधार घेतला. "पुन्हा मारू का ताई?" तिने विचारलं. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा रश्मीताईंनी तिचा हात धरला.

"पोरगी खेळन का जी?" टिकारामांनी विचारलं.

"नाही काकाजी. चालेल, जिना चढेल. सामना नाही खेळू शकणार."

"आणि तवाच आणली असती तं?"

रश्मीताईंना बापाची समजूत घालता आली असती. "तेव्हा आणली असती तर आज खेळली असती," त्या म्हणाल्या.

टिकारामांनी मान हलवली. उठताना त्यांनी डिंपलची पिशवी घेतली, ती चुकून उलटी धरली गेली, आणि तिचे बूट जमिनीवर पडले. बूट उचलायला टिकाराम वाकले, आणि तसेच बसून राहिले.

गावी परतल्यावर डिंपलने मुलींना शिकवायचं ठरवलं. शाळेच्या मैदानावर दहा-बारा मुली यायच्या. दर आठवड्याला रश्मीताई फोनवरून सांगत, त्याप्रमाणे ती प्रत्येकीचे गुडघे, घोटे पाहायची. कुठे दुखतं ते विचारायची. पहिल्यांदा विचारलं, की मुली हसत सुटायच्या. मग हळूहळू सांगू लागायच्या.

पण लाखनीची गोष्ट गावात फिरून आली होती. लोकांनी त्यातून आपापला धडा घेतला. आता पाहुणे मुलगी पाहायला आले, की आधीच विचारत, "खेळत तं नव्हती ना?" एकीने येणं बंद केलं, मग दुसरीने. इजा लपवू नये, हा धडा कोणीच घेतला नाही. मुलींना खेळूच देऊ नये, हा सगळ्यांनी घेतला.

मंगलाबाईंची मुलगी यायची थांबली, तेव्हा डिंपल त्यांच्या घरी गेली. आनंदाबाई न सांगता सोबत निघाल्या. अंगणात बाया मोहफुलं वाळत घालत बसल्या होत्या.

"मावशी, तिले पाठवत जा," डिंपल म्हणाली. "चांगली गोलकीपर आहे."

मंगलाबाई तिच्या पायाकडे पाहत मऊपणे म्हणाल्या, "राग नको धरू बाई. तुलेच पाहून तं भेव लागते."

"माहा पाय खेळानं नाही गेला, मावशी."

"मंग कायनं गेला?"

या प्रश्नाचं उत्तर डिंपलला आईसमोर द्यायचं होतं. ते आनंदाबाईंनीच दिलं.

"म्या लपवला, म्हणून गेला," त्या सगळ्या बायांच्या देखत म्हणाल्या. "डॉक्टर सांगत होते. हिची मॅडम माह्या ओसरीवर येऊन सांगून गेली. पोरगी रोज माह्यासमोर लंगडत होती, आणि मी तिले म्हणत होतो, सरळ चाल. पोरीचा पाय म्या मोडला, बाई."

अंगणात कोणाचेच हात हलले नाहीत. मंगलाबाई उठल्या. त्यांनी आनंदाबाईंना पाणी आणून दिलं, खांद्यावर हात ठेवला. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

"तुमचं खरं आहे वं," त्या म्हणाल्या. "पण येत्या सोमवारी पोरीले पाहायले येऊन राहिले."

दारामागे त्यांची मुलगी उभी होती. तिला कोणी विचारलंही नव्हतं.

मायलेकी अंगणातून बाहेर पडल्या. उन्हं उतरायला अजून वेळ होता. डिंपलला चालताना थांबावं लागत होतं, आणि ती थांबली की आनंदाबाईही थांबत.

"दुखते का?" त्यांनी विचारलं.

"दुखते माय."

आनंदाबाई तिच्यासाठी थांबून राहिल्या. मग दोघी पुढच्या मुलीच्या घरी गेल्या.