डॉन मळकटाचा पिन्याटा

ओब्दुलिया सेपेदा यांनी कोआतेपेकच्या बालवाडीत एकतीस वर्षं मुलांची नखं तपासली होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी बाई समोरून येताना दिसल्या की गावातले मिशीवाले बाप्ये अजून हात खिशात घालत. नगराध्यक्षसुद्धा.

त्यामुळे प्रांतातल्या एका छोट्या वाहिनीने कार्टून मुलांना योग्य की अयोग्य हे ठरवायला तीन जणांची समिती नेमली आणि तीत बाईंना घेतलं, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. बाईंना तर मुळीच नाही. त्यांच्या मते वाहिनीला चार वर्षं उशीरच झाला होता.

कार्टूनचं नाव होतं 'कप्तान फेस'. निळा पोशाख, पाठीवर टॉवेल, छातीवर बुडबुडा. एखादं पोर न धुतलेल्या हाताने तोर्तिया, म्हणजे मक्याची पोळी, उचलू लागलं की कप्तान खिडकी फोडून आत यायचा, "थांब!" म्हणायचा आणि पुढची तीन मिनिटं हात कसे धुवावेत ते सांगायचा. आधी तळवा, मग मागची बाजू, मग बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं. त्याचा शत्रू डॉन मळकट. हा गटारात राहायचा, बेसूर गायचा, खिशात जुनी बटणं जमवायचा, आणि आंघोळीचं नाव काढलं की म्हणायचा, "उद्या!" शेवटी कप्तान त्याच्यावर फेसाचा फवारा मारायचा आणि तो घसरत गटारात जायचा, जातानाही "उद्या, उद्या!" करत.

समितीतले डॉक्टर आर्रोना मानसशास्त्रवाले. त्यांनी एका भागात चौदा फवारे मोजले आणि 'हिंसा' असा शेरा मारून अयोग्य ठरवलं. वाहिनीच्या येसेनियाने योग्य ठरवलं, कारण तिची जुळी पोरं त्यापायी अकरा मिनिटं गप्प बसली होती आणि एवढं तर बाप्तिस्म्यालाही झालं नव्हतं. एक इकडे, एक तिकडे. राहिलं बाईंचं मत, तेही सोमवारपर्यंत द्यायचं.

त्या एका मतावर लेओकादिओचं सगळं टांगलेलं होतं. कार्टून त्याचं. तोर्तियाच्या दुकानावरच्या खोलीत सहा जणांना घेऊन दोन वर्षं तो चित्रं काढत होता. वाहिनीने नाही म्हटलं की खोली बंद, आणि हा परत मामाच्या अंगणात वाळत घातलेल्या कॉफीच्या बिया उलथायला मोकळा. लहानपणी तो बाईंच्याच वर्गात होता. त्या वर्षीच्या तुकडीतलं सगळ्यात कळकट पोर कोण, असं विचारलं तर बाई झोपेतही त्याचंच नाव घेतील.

पण कप्तान मात्र बाईंना पहिल्याच भागात आवडला. इतका शहाणा नायक त्यांनी आजवर पाहिला नव्हता. "पाणी लागलं म्हणजे हात धुतले असं होत नाही," असं कप्तान म्हणाला, तेव्हा घरात कुणी नसताना बाई मोठ्याने म्हणाल्या, "अगदी बरोबर!"

तरी मुलांवर पारखून पाहिल्याशिवाय सही करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. शनिवारी नातीचा, निएवेसचा, पाचवा वाढदिवस होता. वाढदिवस म्हणजे पिन्याटा आलाच, खाऊने भरलेला, टांगून मुलांनी डोळे बांधून काठीने फोडायचा कागदी पुतळा. आणि पिन्याटा म्हणजे पाप, काठी म्हणजे पुण्य, आतून पडतो तो देवाचा प्रसाद, असं पाद्रीबाबा दर डिसेंबरात सांगत. ऐकून बाकीचे खाऊ वेचायला धावायचे, बाईंनी ते मनावर घेतलं होतं. मुलांनी डॉन मळकटाला त्वेषाने बडवलं, तर त्यांना घाणीची चीड आली. चीड आली, तर कार्टून पास. इतका साधा हिशोब डॉक्टर आर्रोनांना सुचला नाही याची त्यांना कीव आली.

पिन्याटा बनवणाऱ्या एवारिस्तोला हा हिशोब पटला नाही.

"बाई, कप्तानाचा करू का? लोक मुलांच्या लाडक्याचाच नेतात."

"लाडक्याला काठीने झोडायचं? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"चाळीस वर्षं झाली या धंद्यात. पोरं प्रेमानंच झोडतात हो. आणि ज्याच्यावर जीव जडतो ना, त्याला कधीकधी हात लावत नाहीत. काही नेम नाही."

"मला मळकटच हवाय. पोट मोठं कर. आणि बोटं दाखव जरा."

एवारिस्तोने खळीने माखलेले हात पाठीमागे नेले. "शनिवारी सकाळी घेऊन जा, बाई," म्हणत तो आत पळाला.

शनिवारी दुपारी अंगणात सतरा मुलं जमली. लेओकादिओ रंगीत जेलीचं मोठं ताट घेऊन आला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला. खुर्ची उधारीची असल्यासारखा. बाईंनी मुलांना आत बसवून दोन भाग दाखवले, स्वतः वही घेऊन मागे उभ्या राहिल्या. कप्तान धडा देऊ लागला की एक पोर मुतायला जाई, दोघी वेणीवरून भांडत. डॉन मळकट गाऊ लागला की सतराच्या सतरा उभी राहत. बाईंनी वहीत लिहिलं: 'एकाग्रता कमीजास्त. हवा दमट.'

मग पिन्याटा टांगला. दोरी छपरावर बाईंचा जावई रुतिलिओ धरून बसला होता. डॉन मळकट तपकिरी कागदाच्या झिरमिळ्या हलवत, पोट पुढे काढून संत्र्याच्या झाडाखाली झुलू लागला. नेहमीचं गाणं झालं, निएवेसचे डोळे बांधले, हातात काठी दिली. तिने पट्टी वर सरकवली.

"हा तर डॉन मळकट आहे!"

"हो, राणी. हाण!"

"का?"

"घाणेरडा आहे म्हणून."

"पण आजी, तो माझ्या वाढदिवसाला आलाय!"

आणि तिने भोकाड पसरलं. काठी पुढच्या मुलाकडे गेली, त्याने ती खाली ठेवून मळकटाच्या पायाला मिठी मारली. तिसऱ्याने त्याच्या तोंडात मक्याच्या उकडीचा तामाल कोंबायला सुरुवात केली. आया एकमेकींकडे बघू लागल्या. न फुटता खाली उतरलेला पिन्याटा कोआतेपेकमध्ये आजवर कुणी पाहिला नव्हता.

"सासूबाई," छपरावरून रुतिलिओ म्हणाला, "वर ऊन लागतंय. मारायचं की आरती करायची, ते ठरवा लवकर."

"इकडे दे ती काठी," बाई कडाडल्या.

त्यांनी स्वतःच्या हाताने डोळ्यांवर पट्टी बांधली. वय चौसष्ट, पण काठी उगारली ती अशी की पुढच्या रांगेतल्या आयांनी खुर्च्या मागे ओढल्या. "घाणीचे लाड करायचे नसतात! पाणी लागलं म्हणजे हात धुतले असं होत नाही! आधी तळवा, मग..."

"कप्तान फेस!" एक चिमुकला आवाज किंचाळला.

मग सगळेच. "कप्तान फेस आला! पळ रे मळकट, पळ!"

रुतिलिओला सासूबाईंचे अकरा वर्षांचे टोमणे आठवले असावेत. त्याने दोरी खसकन ओढली. डॉन मळकट छपराच्या उंचीला गेला, बाईंची काठी हवेत गिरकी घेऊन थेट जेलीच्या ताटात बसली, आणि अंगणातल्या अर्ध्या लोकांच्या अंगावर हिरवे-लाल थेंब उडाले. मुलं हसून लोळली. मोठी माणसं हसू नये म्हणून रुमाल शोधू लागली.

बाईंनी पट्टी काढली. फक्त लेओकादिओ हसत नव्हता. तो चुन्यासारखा पांढरा पडला होता.

"इकडे ये."

तो आला. हात खिशात.

"डॉन मळकट कोण आहे रे?"

"मी, बाई."

"आणि कप्तान?"

लेओकादिओने जेलीकडे बघितलं. "मी आईला विचारलं होतं, बाईंना राग येईल का म्हणून. आई म्हणाली, काढ बिनधास्त, त्यांना कळायचंच नाही."

बाईंना लागलं. फार लागलं. एकतीस वर्षांत किती मुलं हाताखालून गेली, त्यांची नावं आठवतात, कुणाच्या कोणत्या बोटाला चामखीळ होती तेही आठवतं, आणि त्या सगळ्यांना आपण अशा दिसत होतो? खिडकी फोडून येणाऱ्या? समितीचा कागद पर्समध्येच होता. 'अयोग्य'च्या चौकोनात एक फुली मारली की झालं. डॉक्टर आर्रोना तर मिठीच मारतील. बाईंचा हात पर्सकडे गेलासुद्धा.

"इतकी नकोशी होते मी तुला?"

"नकोशी? बाई, नायक केलंय तुम्हाला!"

"आणि नायक तोंड उघडतो तेव्हा मुलं मुतायला जातात. तुला माहीत होतं?"

"दोन वर्षांपासून. कुठेही दाखवा, बरोबर तिथंच उठतात." "सगळे म्हणाले, ते भाषण काप. पण तुम्ही तशाच बोलायच्या ना, बाई. दुसरं काय लिहू? मला हात धुवायला घरी कुणी सांगितलंच नव्हतं."

तेवढ्यात मागून पाण्याचा आवाज आला. अंगणात एकही मूल नव्हतं. छपरावरची दोरी सैल लोंबत होती.

घरामागे कपडे धुवायचं दगडी टाकं आहे. सतरा मुलांनी रुतिलिओकडून डॉन मळकटाला उतरवून घेतलं होतं आणि टाक्याच्या कठड्यावर आडवं घातलं होतं. कपड्यांच्या साबणाची अख्खी वडी चालली होती. कोपरापर्यंत फेस. निएवेस उलट्या बादलीवर उभी राहून हुकूम सोडत होती.

"उद्या नाही, मळकटराव! आज! तळवा झाला? आता मागची बाजू. बेचक्या! ए, अंगठा राहिला त्याचा! आता नखं!"

बाई दाराशी उभ्या राहून ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. तळवा, मागची बाजू, बेचक्या, अंगठा, नखं. एकही पायरी चुकली नाही. मुतायला जाताजाताही पोरांनी ऐकलं होतं तर! आणि मळकटाचे हात धुताना त्यांचे स्वतःचे चौतीस हात असे लख्ख निघाले होते, की बाईंनी एकतीस वर्षांत धाक घालूनही कधी पाहिले नव्हते.

मग व्हायचं तेच झालं. कागद तो, किती पाणी सोसणार? डॉन मळकटाचं पोट हळूच खचलं, आणि संत्री, भुईमुगाच्या शेंगा, चिंचेच्या गोळ्या धबाधबा साबणाच्या पाण्यात पडल्या. मग सतरा डोकी एकदम टाक्यात वाकली.

बाईंनी कागद काढून दाराच्या चौकटीवर धरला आणि 'योग्य'वर फुली मारली. खाली 'आक्षेप' अशी ओळ होती. तिथे त्यांनी लिहिलं: 'कप्तान फार बोलतो. भाषण तीन मिनिटांवरून एकावर आणावं. तो कुरकुर करेल. मी त्याला ओळखते.'

लेओकादिओने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि डोळे पुसायला खिशातून हात काढला.

बाईंनी तो मनगटाला पकडला. नखांत रंग, बोटांत शाई, तळव्यावर जेली.

"उद्या..." त्याच्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी उरलेली साबणाची चिपटी त्याच्या तळव्यावर ठेवली आणि नळाकडे बोट दाखवलं. तो धुवू लागला. तळवा, मागची बाजू, बेचक्या, मग थेट नखं. बाईंनी ओठ घट्ट मिटले, पदराशी चाळा करावा तशी पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"अंगठा राहिला!" टाक्यातून डोकं वर काढून निएवेस ओरडली.