खवटची खूण

पबमध्ये जेवायला जाताना कुणी खुणांची उजळणी करतं का? मी करत होते. तीही भर दुपारी, समोर नदी चकाकत असताना.

मी आणि बाबा नदीवरच्या लाकडी सज्जात, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरचं टेबल पकडून साध्या गिऱ्हाइकांसारखे बसलो होतो. खिडकीच्या आत आई होती. आज तिची परीक्षा. दुपारचं जेवण एकटीनं काढायचं, मालकीणबाईंना पटलं तर उद्यापासून नोकरी. स्वयंपाकात आईचा हात धरणारं कुणी नाही. पण तीन महिन्यांपूर्वी तिला ताप आला आणि जाताना तिची चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. भात काय नि पुठ्ठा काय, तिला सारखंच. हे फक्त आम्हा तिघांना ठाऊक होतं.

म्हणून आम्ही खुणा ठरवल्या होत्या. प्रत्येक पदार्थ सगळ्यात आधी आम्ही मागवायचा आणि मी चाखायचा. ग्लास डावीकडे सरकवला की मीठ कमी, उजवीकडे सरकवला की जास्त. चमचा पालथा घातला की आंबट. रुमाल घडी करून ठेवला की फक्कड. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा कुजबुजत द्यायचे. यंदा शाळेच्या नाटकात फौजदार झाले, तेव्हापासून बाबा मला ‘भोंगा’ म्हणतात. आज मात्र भोंग्यानं तोंड उघडायचं नव्हतं.

सूप आलं. ग्लास डावीकडे. आईनं न बघितल्यासारखं बघितलं. बटाटे आले. रुमाल, घडी. मला तर नाचावंसं वाटत होतं.

“बाबा, दुसरी बिअर? एकीवर भागवायचं ठरलं होतं ना!”

“घसा कोरडा पडतोय गं,” बाबा मिशीवरचा फेस पुसत म्हणाले. “तू खा. आणि खिडकीकडे टक लावून बघू नकोस, चोरासारखी दिसतेस.”

“आणि तुम्ही चोराच्या वडिलांसारखे!”

एवढ्यात वल्हवणाऱ्यांचा संघ आला, आठ दांडगे लोक, ओले आणि भुकेले. मालकीणबाई खुद्द त्यांच्यात जाऊन बसल्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आवाज असा की समोरच्या काठावरची कुत्री गप्प व्हावीत. “आज मीही तुमच्याबरोबर जेवणार,” त्या म्हणाल्या. “नवी बाई काय करते ते बघू.”

आमचा मासा आला. वर अक्रोडाचं दाट, तपकिरी वाटण. दिसायला काय देखणं! मी मोठा घास घेतला.

खवट. जुन्या रंगाच्या डब्यात जीभ घातल्यासारखं खवट.

मी बाबांच्या तोंडात घास कोंबला. त्यांचा चेहराच कसनुसा झाला. खिडकीतून आई माझ्या हातांकडे बघत होती. ग्लास? चमचा? खवटची खूणच नव्हती! मीठ, आंबट, सगळं आम्ही धरलं होतं. पण आईच्या हातून खवट जाईल हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी रुमाल चुरगळला, फडकवला, शेवटी जमिनीवर टाकला. आईला वाटलं पडला. ती हसली आणि खिडकीच्या फळीवर एकामागून एक नऊ ताटल्या मांडल्या. वाढपी चार ताटल्या हातावर तोलून निघालासुद्धा.

ओरडले तर बिंग फुटणार. गप्प बसले तर मालकीणबाईच पहिला घास घेणार.

“थांबा!” मी उभी राहिले. फौजदाराचाच आवाज निघाला. “तो मासा वाढू नका! अक्रोड खवट आहेत!”

वाढपी जागच्या जागी थिजला.

“तू कोण गं?” मालकीणबाई उठल्या.

मला थापा सुचत होत्या, चांगल्या तीन-चार. पण आईच खिडकीतून बाहेर वाकली. “माझी मुलगी आहे,” ती म्हणाली. “आणि सध्या माझी जीभही तीच. मला चव लागत नाही, बाई. वासही येत नाही.”

मालकीणबाईंनी बोटानं वाटण चाटलं आणि तोंड पुसलं. “अक्रोड कुठले?”

“तुमच्याच कोठीतल्या पोत्यातले.”

“हं.” जुडगा एकदा खुळखुळला. “मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर आज चुलीपुढे उभं केलं असतंत?”

“नसतं केलं.”

बाबांनी माझा हात इतका आवळला की बोटं पांढरी पडली. शेवटी आठांपैकी एक जण कळवळून म्हणाला, “बाई, भांडण नंतर करा, आधी काहीतरी वाढा!”

मालकीणबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन खुंटीवरचा ॲप्रन ओढला. “घे दुसरं करायला. चव मी बघते.”

आईनं मासा नव्यानं तव्यावर टाकला. लोणी, लिंबू, मिरपूड. चर्र आवाज कानानं ऐकून तिनं तो बरोबर क्षणी उलटला.

“मीठ?”

“चिमूटभर.”

“आता?”

“अजून अर्धी.” मालकीणबाईंनी कडेचा तुकडा तोंडात टाकला. “हं. जाऊ दे बाहेर.”

संघाच्या आठही ताटल्या पुसल्यासारख्या परत आल्या. मालकीणबाई आमच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. “तुझ्या आईला सांग, उद्या दहाला यायचं. चव रोज मी बघणार. पुन्हा काही लपवलं तर त्याच दिवशी घरी.” त्या वळल्या, परत फिरल्या. “आणि ते पोतं नदीत फेकलं म्हणून कुणाला सांगू नकोस. तुझा आवाज फार लांब जातो.”

मग आई बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. तिनं आपलाच मासा खाल्ला. चावला, गिळला, चेहऱ्यावर काही नाही.

“कसा झालाय गं?” तिनं विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. लोणी आधी येतं, लिंबू मागून, आणि कडेचा कुरकुरीत भाग सगळ्यात भारी. ती डोळे मिटून ऐकत राहिली. बाबांनी तिसरी बिअर मागवली आणि मी त्यांना मुळीच ओरडले नाही.