दारातलं स्टूल

“आई, लायटर ठेव खाली! आधी ठेव!”

लेक बाहेरच्या दारातूनच किंचाळली आणि आईचा हात शेगडीजवळ तसाच थबकला. दूध उतू जाऊन बर्नरवर सांडलं होतं, ज्योत विझली होती. आई बाल्कनीत कपडे वाळत घालून आली, ‘विझली वाटतं मेली’ म्हणाली आणि पुन्हा पेटवणार, तेवढ्यात हा आरडाओरडा. लेकीने नाकाला ओढणी लावली, शेगडी बंद केली, सिलिंडर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. आवाज ऐकून शेजारीण धावत आली आणि मदत म्हणून तिने पंख्याच्या बटणाकडे हात नेला. लेकीने तिचं मनगटच धरलं.

“बटणाला हात नका लावू काकू! एक ठिणगी उडाली तर सगळेच जाऊ.”

शेजारीण पांढरीफटक पडली आणि आल्या पावली परत गेली. हवा मोकळी होईपर्यंत मायलेकी जिन्यात उभ्या राहिल्या.

“इथपर्यंत वास येत होता, आई. तुला नाही आला?”

“सर्दी झालीय गं.”

“शिंकताना तर दिसली नाहीस.”

“आतल्या आत आहे.”

लेक तिच्याच पोटची होती, इतक्यावर थोडीच गप्प बसणार! घरात आल्यावर तिने आईला खुर्चीत बसवलं. “डोळे मीट. नाकाशी काय धरलंय ते सांग.”

आईने डोळे मिटले. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात तिने सारा जन्म काढला होता. तिथे पातेल्यावरचं झाकण न उघडता ती ‘मीठ राहिलंय’ म्हणायची, आणि हाताखालच्या बायका ‘हे नाक पोलिसात द्यायला हवं’ म्हणून हसायच्या. ती ठसक्यात म्हणाली, “कांदा. दुसरं काय असणार?”

डोळे उघडले तर समोर लेकीचा तळहात होता. रिकामा.

“कधीपासून?” लेकीने विचारलं.

“तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून. उतरला तो नाक घेऊनच उतरला.”

“आणि बाबांना माहीत होतं?”

“तेच तर माझं नाक होते.”

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तिने सगळं सांगून टाकलं. छापखान्यातल्या यंत्रांनी त्यांचे कान नेले होते, तापाने तिचं नाक नेलं. दोन्ही वेळा ती रांधायला उभी राहिली, की ते स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसायचे. कुकरच्या शिट्ट्या ती मोजायची, काही करपायला लागलं की ते काठी आपटायचे. ‘तुझं नाक आता फक्त मुरडायला उरलंय,’ असं ते चिडवायचे. तिने ओठ हलवून सावकाश उत्तर द्यायचं, ‘आणि तुमचे कान पिळायला.’ दोघांत मिळून एक धड माणूस होतं. लेकीला कळलं तर ती घर बंद करून आपल्याकडे नेईल, या धास्तीने दोघांनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

ते गेल्याला महिना झाला होता. स्टूल अजून दारातच होतं, त्यावर त्यांच्या स्वेटरची घडी. स्वयंपाक करताना ती वळसा घालून जायची, पण स्टूल हलवत नव्हती.

“गॅस काढून टाकू या,” लेक म्हणाली. “मी विजेची शेगडी आणते. नाहीतर माझ्याकडे चल.”

“ज्योत दिसल्याशिवाय मला रांधता येत नाही गं. नाक गेल्यापासून मी ज्योतीकडे बघूनच स्वयंपाक करते.”

“आणि आज? बघत होतीस?”

आईला राहून राहून शेजारणीचा तो हात दिसत होता, बटणाजवळ गेलेला. स्वतःच्या जिवाचं तिला फारसं काही उरलं नव्हतं. पण ती बिचारी ओल्या हातांनी, भाजी चिरायची टाकून धावत आली होती. तिला काही झालं असतं तर?

आई उठली. ओट्याखाली वाकून तिने रेग्युलेटर काढला, सिलिंडरच्या तोंडावर टोपण बसवलं, दोरी ओढून नीट आहे ना पाहिलं. इतकी वर्षं हे काम ती निजण्याआधी न चुकता करत आली होती. आज भरदुपारी केलं. रेग्युलेटर पदराने पुसून तिने लेकीच्या हातात दिला.

“घे. उद्या सिलिंडर परत करून टाक.”

लेकीचे डोळे भरून आले. “आई, मी काही तुझ्यावर...”

“तू बरोबर आहेस. गप.”

मग ती दाराशी गेली आणि स्टुलावरचा स्वेटर उचलला. ते गेले त्या रात्री तिने तो तोंडावर घट्ट दाबून धरला होता. लोकर नुसती टोचली होती, बाकी काहीच नाही. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

“बघ गं,” ती म्हणाली, “अजून येतो का त्यांचा वास?”

लेकीने स्वेटर चेहऱ्याशी धरला. बराच वेळ धरला.

“येतो.”

“कसला?”

“शाईचा. आणि त्यांच्या त्या दुखऱ्या गुडघ्याच्या मलमाचा.”

खरं की खोटं, हे पडताळायला आईकडे काही नव्हतं. तिने मान डोलावली, स्वेटर परत घेतला आणि महिन्याभरात पहिल्यांदाच त्या स्टुलावर बसली.

“अजून काय येतं? सावकाश सांग,” ती म्हणाली.