म्हणे मी पिलो!

मी उशी बोलतेय. डोक्याखालची, साध्या सुती अभ्र्यातली. या घरातल्या शिंप्याच्या लग्नात गादीवाल्याने मला कापूस ठासून शिवलं. तेव्हापासून त्याचं डोकं आणि मी. त्याचं तेल, घाम, झोपेत गळलेली लाळ, सगळं जिरवलं. बायकोलाही न ऐकू गेलेले उसासे ऐकले.

मग त्याच्या लेकीने सोफ्यासाठी मखमली कुशन आणलं. ती घरीच इंग्रजीच्या शिकवण्या घेते.

"अगं, ही पण उशीच की," आई म्हणाली.

"नाही गं. झोपताना डोक्याखाली घेतो ती पिलो. बसताना पाठीला लावतो ते कुशन."

मराठीत आम्ही दोघीही उशाच होतो. इंग्रजीने एका वाक्यात वाटणी केली. पाहुणे आले की कुशनचं कौतुक, आणि मी चुकून बाहेर दिसले तर, "ती पिलो आत टाक आधी!" माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पण खरी आग लागली ती शिंप्याच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर. लेक दवाखान्यातून धावत आली. "आई, नर्सने उशी मागितलीय. खोकताना छातीशी धरायची, म्हणजे टाके ताणत नाहीत."

उशी! मी पलंगावर तयारच होते. तिने जाताजाता सोफ्यावरचं ते उचललं.

शिंपी घरी आला तो त्या कुशनला कवटाळूनच. पडल्यापडल्याही सोडेना. डोकं माझ्यावर, मिठी त्याला!

"झोपताना घेतात, म्हणजे आता हे कुशन पिलो का गं?" आईने लेकीला विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "कुशीत घेतात ते कुशन, असं असेल बाई!"

शिंपी हसला आणि त्याला जोराचा ठसका लागला. गुळगुळीत मखमल निसटून खाली पडली. वेदनेने कळवळत त्याने मला डोक्याखालून ओढलं आणि छातीशी दाबलं. त्याचं काळीज माझ्या कापसात धडधडत होतं. इतक्या वर्षांत मला फक्त त्याचं डोकं मिळालं होतं. अन् हे त्या कालच्या कुशनला रोज मिळत होतं!

आता तो बरा आहे, पुन्हा मशीनवर बसतो. चेपलेलं कुशन सोफ्यावर शोभेना, म्हणून माझ्याच डाव्या अंगाला आणून ठेवलंय. मत्सर गेला म्हणू? खोटं कशाला बोलू! तो डावीकडे वळला की त्याचं तोंड कुशनकडे होतं. तुम्हाला त्याचे डॉक्टर भेटले तर माझं एवढं काम करा. म्हणावं, याला उजव्या कुशीवर झोपायला सांगा.