मान्बोक मायदेशी जातो

कोरियाच्या राजाचे वकील जपानात आल्याची बातमी आरिताच्या डोंगरात पोचली, तेव्हा ओक्बुन भांड्यांच्या झिलईसाठी राख चाळत होती. लढाईत पकडून आणलेल्यांपैकी ज्याला मायदेशी जायचंय त्याला नेणार, म्हणे. तिचा थोरला भाऊ मान्बोक चाकावरून उठला आणि हातसुद्धा न धुता म्हणाला, "आवर. आपण निघायचं."

"आपण म्हणजे कोण कोण?"

सव्वीस वर्षांपूर्वी जपानी सैनिकांनी दोघांना एकाच दोराला बांधून जहाजात घातलं, तेव्हा ती दहा वर्षांची होती. आता तिचा नवरा जिन्पाची इथलाच, भांड्यांच्या मातीसाठी खाणीत पांढरा दगड फोडणारा. मुलगी ओसेन मामाशी त्याच्या भाषेत बोलायची, पण चिडली की भांडायची मात्र जपानीत.

"दादा, तिकडं कुंभाराला कुत्रं विचारत नव्हतं. इथं तुझ्या भांड्याला शिवण्याआधी लोक हात पुसतात."

"पुसतात ना. पण मला वेशीबाहेर जाऊ देतात का?"

वकिलांच्या शब्दाखातर चौकीवाले या एकाच खेपेला सोडणार होते.

त्यानं एकट्यानंच जायचं ठरलं. जाण्याआधी मान्बोकनं भट्टी लावली. जाळ बघणं आजवर त्याचं एकट्याचं काम. या वेळी त्यानं बहिणीला झरोक्याशी बसवलं. "रंगावर जाऊ नकोस. आतलं भांडं ओलं दिसायला लागलं, की लाकूड थांबव." तिसऱ्या दिवशी ती ओरडली, "थांबा!" त्यानं हातातलं लाकूड खाली टाकलं.

भट्टी निवायच्या आतच तो निघाला. उघडलेली बघितली तर पाय निघणार नाही, म्हणाला.

भट्टी उघडली, तर निम्मी भांडी तडकली होती. "दादांनी जाळ बघितला असता तर एवढी फुटली नसती," जिन्पाची म्हणाला.

"नसतीच," ओक्बुन म्हणाली, आणि तुकडे वेचू लागली.

दुसऱ्या वर्षी दोन्ही देशांत ये-जा करणाऱ्या, त्सुशिमा बेटावरच्या एका व्यापाऱ्यानं खबर आणली. कोरियाच्या बंदरात उतरवल्यावर वकिलांनी कुणाकडं वळूनही पाहिलं नव्हतं. जुन्या गावाच्या जागी शेतं झाली होती. मान्बोक परक्याच्या भट्टीवर लोणच्याचे रांजण घडवत होता.

"बोलायला लागला की लोक हसतात त्याला," व्यापारी म्हणाला. "जपानी म्हणून हाक मारतात."

ओक्बुननं डोळ्याला बाही लावली. मग व्यापाऱ्याकडं वळली.

"त्याला सांगा, खाणीत पहिल्याहून पांढरा दगड लागलाय. आता आमच्या वाटीतून उजेड दिसतो."

"एवढंच?"

"एवढंच. माया कळवली तर रडत बसेल. हेवा वाटला, की कामाला लागतो तो."