लासूरच्या पुड्या

मनकर्णाबाईच्या गळ्याशी लिंबाएवढी गाठ आली, आणि तिची थोरली सून सारजाबाई जळायला लागली. गाठीवर नव्हे, धाकट्या जावेवर.

बिडकीनच्या घरात सासूचं सगळं सारजाबाईनंच केलेलं. डोक्याला तेल, गुडघ्याला शेक, दात नाहीत म्हणून भाकरी दुधात कुस्करून. आणि गाठ निघाल्याचं कळताच धाकटा बद्रीनाथ गाडी घेऊन आला नि आईला शहरात आपल्या घरी घेऊन गेला. सारजाबाईला कुणी बोलावलं नव्हतं. तरी ती दुसऱ्या दिवशी लुगड्यांची पिशवी घेऊन दारात हजर.

तिथं बघावं तर बद्रीनाथची बायको वच्छला सगळ्यात पुढं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बोलायच्या त्याही तिच्याशीच. "लिम्फोमा असावा, म्हणजे गाठींचा कॅन्सर. पण त्याच्या जाती पुष्कळ. हळू वाढणारा निघाला तर या वयात नुसतं लक्ष ठेवूनही भागतं. जोराचा असला तर हृदय तपासून बेतानं किमो देऊ. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय काहीच ठरणार नाही. तोवर मला विचारल्याशिवाय कसलंही औषध द्यायचं नाही."

वच्छला समजूतदारपणे मान डोलवायची. शेजारणी घरी येऊन म्हणायच्या, "सून असावी तर अशी!" त्यांचा चहा करायची सारजाबाई. त्यात साखर घालायला ती विसरायची, आणि ते अगदी आठवणीनं.

लासूर स्टेशनला तिचं माहेर. तिथला एक वैदू सांधेदुखीच्या पुड्या देई आणि त्यांनी गाठीही बसतात असा त्यांचा बोलबाला होता. भावाला भेटायचं निमित्त काढून सारजाबाई गेली नि पुड्या घेऊन आली. वच्छला अंघोळीला गेली की मधात कालवून सासूपुढं बोट धरायची.

"घ्या आत्याबाई, शक्तीचं हाय."

सासू मुकाट्यानं चाटायची.

आणि आठवड्याच्या आत गाठ खरोखर बसत आली! म्हातारीला भूक लागली, ती उठून अंगणात बसायला लागली. सारजाबाईला आभाळ ठेंगणं झालं. "मोठ्या दवाखान्यानं काय दिवे लावले म्हनते मी," तांदूळ निवडताना ती वच्छलाला ऐकू जाईल असं बोलली. पुड्यांचं मात्र पोटातच ठेवलं. तपासणीत काही नाही निघालं की चारचौघांत सांगायचं आणि वच्छलाचं तोंड बघायचं, असा तिचा बेत होता.

ठरल्याप्रमाणं गाठीचा तुकडा काढला. रिपोर्टच्या दिवशी दोघी सुना सासूला घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या होत्या.

"यातून काहीच कळत नाही. गाठ अशी एकाएकी बसली कशी? कसली पुडी दिलीत का? त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. त्यानं गाठ दबते, आजार जात नाही. आणि जात कळली नाही तर मी उपचार कसला ठरवू? जोराचा असेल तर हे दिवस फुकट गेले."

"नाही हो मॅडम," वच्छला म्हणाली, "त्यांचं सगळं मी स्वतः बघते."

मी स्वतः! त्या घटकेलाही सारजाबाईला ते झोंबलं.

"म्याच खाल्ली पुडी," मनकर्णाबाई म्हणाली. "गुडघं लई दुखत व्हते. म्याच मागवली."

सारजाबाईनं सासूकडं पाहिलं. मग कनवटीची उरलेली पुडी काढून टेबलावर ठेवली. "मी दिली. रोज दोन येळा."

वच्छलानं ती उचलून डॉक्टरीणबाईंपुढं सरकवली. त्यापेक्षा ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. डॉक्टरीणबाईंनी पुडी ठेवून घेतली आणि सांगितलं, आता पुडीचा असर उतरेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा तुकडा काढायचा.

बाहेर बाकावर बसल्यावर सारजाबाईला रडू आवरेना. "आत्याबाई, औषध द्यायचं नाय म्हनून डॉक्टरीन तुमच्यादेखत बोलली व्हती. मंग कामून खाल्ली?"

"तू शक्तीचं म्हनलीस ना." म्हातारीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "वच्छलानं मोसंबीचा रस दिला तरी मी डॉक्टरनीला इचारून पेते. तुझ्या हातचं कधी इचारून खाल्लं का गं?"

हेच ऐकायला सारजाबाई इतकी वर्षं झुरली होती. आता ते तिला ऐकवेना.