बुटक्या गाडीची रुंद चाकं

मी एक जुनी लाल गाडी आहे, मित्रांनो. दोन दारं, दोनच माणसं बसतील एवढी जागा, आणि उंची म्हणाल तर उभ्या माणसाच्या कमरेपर्यंत. गल्लीतली मुलं मला 'बुटकी' म्हणतात. म्हणू देत बापडी. मी जन्मतः एवढी बुटकी नव्हते, हे मात्र लक्षात असू द्या.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. ते मला फक्त सुट्टीच्या दिवशी बाहेर काढत आणि घरी परतल्यावर माझं नाक मऊ फडक्याने पुसत. दुसरा मालक तरुण होता, हौशी होता. त्याने माझ्या स्प्रिंगा बदलल्या आणि मला चार बोटं खाली बसवलं. दिसायला मी ऐटदार झाले खरी, पण रस्त्यातल्या प्रत्येक उंचवट्याला माझं पोट घासू लागलं. हौस फिटल्यावर त्याने मला एका शेडच्या मागे ताडपत्री घालून लोटून दिलं. तिथे चार वर्षं गेली. माझ्या सीटखाली उंदरांनी संसार थाटला, त्यांची नातवंडंसुद्धा मी पाहिली.

मग एक दिवस ताडपत्री उचलली गेली आणि मला भिंगरी दिसली. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण ती एका जागी कधी उभी राहत नाही म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणतात. ती चष्म्याच्या काचा घासण्याचं काम करते. काच केसभर जास्त घासली गेली तरी तिला झोप लागत नाही. अशा मुलीच्या हाती पडले, म्हणजे माझं नशीबच उघडलं म्हणा ना!

भिंगरीच्या घराला अंगण आहे आणि अंगणाच्या कडेला पत्र्याची शेड. शेडमध्ये तिच्या काकांचा लेथ आहे. काका टर्नर आहेत. फिरत्या लोखंडाला पोलादी हत्यार लावून ते हवा तो आकार देतात, आणि दिवसभरात बोलतात फार तर दहा शब्द. वरच्या मजल्यावर भिंगरीचे बाबा राहतात. ते काकांचे थोरले भाऊ. शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांचा डावा गुडघा वाकत नाही, म्हणून काठी टेकत चालतात.

त्या गुडघ्याची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की मला ती पाठ झाली आहे. बावीस वर्षांपूर्वी बाबा आपल्या तेव्हाच्या गाडीतून डोंगरावरच्या शाळेकडे निघाले होते. मागे मुलांच्या प्रदर्शनाचे लाकडी बोर्ड भरलेले. वळणावर अचानक एक कुत्रं आडवं आलं. त्याला वाचवायला गेले आणि गाडी कठड्यावर आदळली. पाहुणे आले की बाबा ही गोष्ट रंगवून सांगतात. कुत्रं कधी तांबडं असतं, कधी ठिपक्यांचं, एकदा तर शेपूट तुटकं होतं! गोष्ट सुरू झाली की काका मात्र पाणी आणायला उठतात. आणि पाणी आणायला त्यांना अर्धा तास लागतो.

भिंगरीने आणि काकांनी मिळून मला पुन्हा उभं केलं. काकांनी माझं इंजिन खोललं, गंज खरवडला, दाराची बिजागरी नवी घडवली. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. काका चाकांना कधी हात लावत नसत. ते काम भिंगरीवर सोपवून ते लेथकडे वळत. आणि माझ्यात ते एकदाही बसले नाहीत. मला वाईट वाटे. वाटे, माझ्यात अशी काय खोट आहे?

मग भिंगरीने नवी चाकं आणली.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेले. माझी जुनी चाकं सडपातळ होती, ही दोन इंचांनी रुंद होती. काळ्याशार टायरना अजून नव्या रबराचा वास येत होता. भिंगरीने मला जॅकवर उचललं, चाकं चढवली, टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोट घालून पाहिलं. बोट आत गेलं. मला खाली उतरवून पुन्हा पाहिलं. तरी बोट गेलं. मग तिने गल्लीत एक चक्कर मारली. शेजारच्या शिंपीणबाई मशीन थांबवून म्हणाल्या, "अगंबाई, आता कशी भरल्या अंगाची दिसतेय!" मी गल्लीभर नाक वर करून फिरले. जेवढं वर करता येतं तेवढं.

येत्या रविवारी डोंगरावरच्या शाळेत बाबांचे जुने विद्यार्थी जमणार होते. बावीस वर्षांत बाबा त्या रस्त्याने गेले नव्हते. "बाबा, तुम्हाला मी नेणार, आणि नव्या चाकांवर नेणार," असं भिंगरीने सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

गुरुवारी तिने बाबांना माझ्यात बसवून पाहिलं. बाबा अंगाने चांगले भरलेले आहेत. ते टेकले आणि मी आणखी खाली दबले. फाटकाजवळचा उंचवटा ओलांडताना भिंगरीने स्टेअरिंग वळवलं आणि माझ्या अंगातून आवाज आला, खर्रर्र.

शेडमधला लेथ थांबला. काका बाहेर आले. माझ्या मागच्या मडगार्डखाली त्यांनी हात घातला आणि बाहेर काढला, तेव्हा बोटांवर रबराचा काळा भुगा होता. त्यांचा चेहरा उतरला.

"ही चाकं काढ," ते म्हणाले.

"का? नवा टायर आहे, जरा घासून बसेल जागेवर."

"काढ म्हटलं ना!"

"अरे काका, पण कारण तर सांगशील?"

काकांनी तोंड उघडलं, माझ्यात बसलेल्या बाबांकडे पाहिलं आणि मिटलं. भिंगरीही हट्टी. "कारण नसेल तर मी काढणार नाही," म्हणाली आणि तणतणत घरात गेली. त्या दिवशी घरात भांड्यांचे आवाज फार झाले.

शुक्रवारी सकाळी तांबडं फुटत होतं तेव्हा काका शेडमध्ये आले. त्यांनी माझ्याखाली चार लाकडी ठोकळे सारले आणि पाना हातात घेतला. एकेक करून त्यांनी चारही चाकं उतरवली, भिंतीला टेकवून ठेवली आणि सोळाच्या सोळा नट पँटच्या खिशात टाकले.

भिंगरी उठून आली आणि बघतच राहिली. काका लेथपाशी उभे, आणि खिसा असा लोंबलेला की पँट एका बाजूने घसरत होती.

"काका, नट दे."

"नाही."

"लहान पोरासारखं काय करतोस? बाबांची पोरं रविवारी वाट बघत बसतील!"

"बसने जा."

आवाज ऐकून बाबा काठी टेकत जिना उतरले. काकांना म्हणाले, "काय रे, झालंय काय तुला?"

काकांनी लेथचं बटण बंद केलं. इतके शब्द मी त्यांच्या तोंडून एका वेळी कधी ऐकले नव्हते.

"दादा, कुत्रं नव्हतं," ते म्हणाले. "तुझ्या गाडीला रुंद टायर मी बसवले होते. मापं रिकाम्या गाडीवर घेतली, तीसुद्धा जॅकवर. तू मागे बोर्ड भरलेस, गाडी दबली, आणि मडगार्डची कड टायर कापत गेली. वळणावर तो फुटला. तुझ्या डोक्याला मार लागला होता. मला वाटलं, तुला भास झाला कुत्र्याचा. आणि मी गप्प बसलो. तुझा पाय माझ्यामुळे गेला, दादा."

भिंगरी जमिनीवर पडलेल्या पान्याकडे बघत राहिली. तिनेही बोट रिकाम्या गाडीतच घातलं होतं.

बाबांनी एक स्टूल ओढलं आणि त्यावर हळूच टेकले.

"भास कसला? मी रस्त्यात पडल्यापडल्या टायर पाहिला होता," ते म्हणाले. "कडेला सुरीने चिरल्यासारखा चिरलेला. मला घरी आणलं तेव्हा आपली आई दारात उभी होती. टायर कुणी बसवले, हे तिने पहिलं विचारलं असतं. आणि मग तुला त्या घरात घास गिळता आला असता का? म्हणून कुत्रं सांगितलं."

"म्हणजे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"बावीस वर्षं पोसतोय मी त्या कुत्र्याला. आता सोडून देऊ या बिचाऱ्याला."

काका लेथवर डोकं टेकून ढसाढसा रडले. भिंगरी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली आणि तीही रडली. मला रडता येत नाही, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की काका माझ्यात का बसत नव्हते. खोट माझ्यात नव्हती.

"झालं रडून?" बाबा म्हणाले. "आता नट बाहेर काढ. पँट सुटेल नाहीतर. मापं भरल्या गाडीवर घ्यायची असतात ना? मग मी बसतो. आणि ते बोर्ड माळ्यावर आहेत अजून, तेही भरा मागे."

बाबांच्या कपाटात मुलांना आकार शिकवायची चिकणमाती होती. "बोट काय, आपल्याला हवं तिथे घालतो माणूस," ते म्हणाले. "माती लावा." त्यांनी स्वतःच्या हाताने चार जाड गोळे थापले आणि माझ्या चारही मडगार्डच्या आतून अंगठ्याने दाबून बसवले. मग काकांनी चाकं चढवली. बाबा सीटवर, बोर्ड मागे, भिंगरी स्टेअरिंगवर. फाटकाजवळ एक फळी आडवी टाकून मला तिच्यावरून तीन वेळा नेलं, स्टेअरिंग आधी एका बाजूला पूर्ण वळवून, मग दुसऱ्या.

मागच्या डाव्या मडगार्डमधली माती कागदाएवढी पातळ झाली होती आणि तिच्यावर टायरची नक्षी उमटली होती. भिंगरीने तिच्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "काका, चुकलंच माझं."

"बाई, माझंही असंच चुकलं होतं," काका म्हणाले, आणि कामाला लागले.

शुक्रवार आणि शनिवार दोघं माझ्याभोवतीच होती. भिंगरीने टायर बदलून थोडे अरुंद आणले. काकांनी मला एक बोट वर उचललं. मडगार्डची आतली धारदार कड गरम हवेने तापवून, रंग तडकू न देता, हळूहळू आत दुमडली. मला चटके बसले, पण मी कुरकुरले नाही. मग पुन्हा माती, पुन्हा बाबा, पुन्हा बोर्ड. या वेळी माती करंगळीएवढी जाड उरली. काकांनी ती तीनदा मोजली, भिंगरीने चौथ्यांदा.

रविवारी सकाळी बाबा कडक इस्त्रीचा सदरा घालून माझ्यात बसले. भिंगरी किल्ली घेऊन आली, पण स्टेअरिंगकडे गेली नाही. तिने किल्ली काकांच्या हातात ठेवली.

"मी बसने येते," ती म्हणाली. "जागा दोघांचीच आहे."

काका दारापाशी कितीतरी वेळ उभे होते. बाबा म्हणाले, "बस रे. मला उशीर होतोय." आणि काका माझ्यात बसले. पहिल्यांदा.

त्यांनी मला अशी चालवली की सायकलवाले पुढे निघून जात होते. डोंगराच्या त्या वळणावर कठड्याजवळ एक कुत्रं उन्हात पसरलं होतं. काकांनी मला जागीच थांबवलं. बाबांनी काच खाली करून नीट पाहिलं.

"हे मात्र खरं आहे बरं का," ते म्हणाले.

दोघे भाऊ इतके हसले की मी स्प्रिंगांवर डुलू लागले. मागचं चाक मडगार्डला कुठेही लागलं नाही.

मित्रांनो, आता माझा रंग फिका पडला आहे आणि काका-बाबा दोघेही थकले आहेत. पण आमचं चाललंय बरं. तुम्ही पुढे गाड्या घ्याल, सजवाल, रुंद चाकं लावाल. जरूर लावा. फक्त मापं घेताना आपलं माणूस आत बसवून घ्या. आणि काही चुकलंच, तर बावीस वर्षं खिशात घालून फिरू नका, त्याच दिवशी सांगून टाका.

आणखी एक विनवणी आहे. माझ्या मागच्या डाव्या मडगार्डच्या आत त्या मातीचा एक तुकडा अजून चिकटलेला आहे. त्यावर बाबांच्या अंगठ्याचा ठसा आहे. मला धुवा, पुसा, चकचकीत करा, पण तेवढी जागा सोडा. काकाही धुताना ती सोडतात.